बंद तोंडी, हक्क मात्र कागदावर

(आसेगाव, जि. वाशिम येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



कोविडच्या साथीच्या काळात दुकानदार, शेतकरी, कामगार आणि घरातली बाई यांच्यापुढे कायद्याचे काय प्रश्न उभे राहिले, यावर बोलायला आपण मला बोलावलंत. मी जिल्ह्याच्या कोर्टात वकिली करतो. त्या दोन वर्षांची प्रकरणं अजून माझ्या टेबलावर आहेत, म्हणून जे पाहिलं तेच सांगणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या गावांत बंद आला तो तोंडी आला. आदेश कोणी दाखवला नाही, कोणी मागितलाही नाही. पुढे नुकसानभरपाई, विमा, वारसाहक्क मागायची वेळ आली तेव्हा मात्र त्याच माणसांकडे दहा कागद मागण्यात आले. या एका तफावतीने जेवढं नुकसान केलं, तेवढं कुठल्या वाईट कलमाने केलं नाही.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर बोलले आणि मध्यरात्रीपासून देश बंद झाला. त्याच दिवशी केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली लेखी आदेश काढला होता. काय बंद राहील हे त्यात होतं, तसं काय चालू राहील हेही होतं: रेशन दुकान, किराणा, भाजीपाला, दूध, जनावरांचा चारा, औषधं, बँका. तीन दिवसांनी, २७ मार्चला, पुरवणी आदेश निघाला आणि शेतातली कामं, शेतमजूर, बाजार समित्या, कापणीची यंत्रं यांना सूट मिळाली. म्हणजे गहू काढायला शेतात जाणारा माणूस त्या दिवसापासून कायद्याने मोकळा होता. हे आसेगावात, मंगरूळपिरात, मानोऱ्यात किती जणांच्या कानावर आलं?

माझ्याकडे आलेल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, ते महत्त्वाचं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला हा माणूस मोटारसायकलवर बायकोला आणि एका मजूर बाईला घेऊन वावरात निघाला होता. विळे पिशवीत होते. फाट्यावर अडवलं. तो म्हणाला, गहू झडून चालला साहेब. उत्तर मिळालं, "घरात बसा म्हणलं तं समजत नाही काय?" बायकोसमोर त्याला उठाबशा काढायला लावल्या आणि गाडी जमा केली. गाडी सोडवायला त्याला जे हेलपाटे घालावे लागले, त्यात गव्हाचा हंगाम गेला. माझ्यासमोर बसून तो एकच विचारत होता: "वकीलसाहेब, माही चूक काय होती, थे तं सांगा."

चूक काहीच नव्हती. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५१ शिक्षा सांगतं, पण ती 'वाजवी कारणाशिवाय' आदेश मोडणाऱ्याला. दवाखान्यात जाणं हे वाजवी कारण आहे. आदेशातच सूट असलेल्या कामाला जाणं म्हणजे तर आदेश मोडणंच नव्हे. आणि उठाबशांची शिक्षा या देशाच्या कुठल्याही कायद्यात नाही. पोलिसांना गुन्हा नोंदवता येतो, अटक करता येते, कोर्टापुढे उभं करता येतं. शिक्षा देणं हे कोर्टाचं काम आहे. हे मी पोलिसांच्या विरोधात बोलत नाही. ती माणसंही उन्हात, मास्कशिवाय, घरी लेकरांना हात न लावता राबत होती आणि त्यांच्यातलीही कित्येक गेली. पण त्यांच्याही हातात आदेशाची प्रत नव्हती. वरून फोन यायचा, खाली काठी उठायची. फाट्यावरच्या शिपायाच्या खिशात २७ मार्चच्या त्या आदेशाचं एक पान असतं, तर त्या शेतकऱ्याचा गहू घरात आला असता.

आता थोडं मागे जातो, कारण या हुकूमशाही वळणाचं मूळ जुनं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. इंग्रज सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग अधिनियम केला. जेमतेम चार कलमांचा कायदा. सरकारला वाटेल ते उपाय योजता येतील, न ऐकणाऱ्याला दंड संहितेच्या कलम १८८ ची शिक्षा, आणि या कायद्याखाली सद्‌हेतूने काम करणाऱ्या अंमलदारावर दावा चालणार नाही. रोग्याला काय मिळेल, ज्याचं घर उघडून पाहिलं त्याने तक्रार कुठे करायची, ज्याचा धंदा बुडाला त्याचं काय, याबद्दल एक शब्द नाही. पुण्यात रँडच्या अमलाखाली सोल्जरांनी घरात घुसून काय केलं, त्यातून २२ जून १८९७ ची रात्र कशी उगवली आणि टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा कशी झाली, हे आपण शाळेत शिकलो. मात्र ज्या कायद्याने तो अमल चालला, तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बाहेर काढला आणि त्याखाली कोविडचे नियम जारी केले. मधल्या सव्वाशे वर्षांत देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, कलम २१ आलं. साथीच्या कायद्यात मात्र नागरिक होता तिथेच राहिला, हुकूम ऐकणारा.

२०२० मध्ये त्यात एक चांगली सुधारणा झाली. डॉक्टर, नर्स, आशाताई यांच्यावर हात उचलणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षे कैद, गंभीर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत, आणि तपास तीस दिवसांत. हे हवंच होतं. गावात आशाताई घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर दारं लावली गेली, हे आपण पाहिलं आहे. पण त्याच आशांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संप करावा लागला, कारण कायद्याच्या नजरेत त्या कर्मचारी नाहीत, 'स्वयंसेविका' आहेत. संरक्षण द्यायचं आणि पगार द्यायचा नाही, हा काही न्याय नव्हे.

कलम १८८ बद्दल इथल्या तरुणांसाठी थोडं थांबतो. संचारबंदीत बाहेर दिसला, दुकानाचं शटर अर्धं उघडं दिसलं, की १८८. शिक्षा तेव्हा तशी किरकोळ होती: महिनाभर साधी कैद किंवा दोनशे रुपये दंड, आणि जिवाला किंवा आरोग्याला धोका होत असेल तर सहा महिने किंवा हजार रुपये. पण तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ प्रमाणे, ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला त्याची लेखी तक्रार असल्याशिवाय कोर्टाला अशा गुन्ह्याची दखल घेता येत नव्हती. हजारो प्रकरणं या एका मुद्द्यावर कच्ची होती. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये आणि नागपूर खंडपीठाने सप्टेंबर २०२० मध्ये तबलिगी जमातच्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले, तेव्हा आधी गुन्हा आणि मग पुरावा या पद्धतीवर कोर्टाने कडक शब्दांत बोट ठेवलं.

आपल्या पोरांना हे कोणी सांगितलं नाही. लोकअदालतीत नाव पुकारलं, कोणीतरी म्हणालं, "दोनशे रुपये भर आन् मोकळा हो," आणि पोराने गुन्हा कबूल करून दंड भरला. तो मोकळा झाला नाही. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढे पोलीस भरतीत ग्राउंड मारलं, लेखी निघाली आणि चारित्र्य पडताळणीत तेच दोनशे रुपये समोर आले. २०२२ मध्ये राज्य शासनाने लॉकडाउनमधले १८८ चे खटले मागे घ्यायचं ठरवलं, ते बरं केलं. पण खटला मागे घेता येतो तो चालू असलेला. ज्याने आधीच कबुली देऊन टाकली, त्याच्याजवळ मागे घ्यायला खटलाच उरला नव्हता. ज्याने चूक नसताना मान खाली घातली त्याला डाग राहिला, आणि जो तारखांवर जात राहिला तो सुटला.

याच जिल्ह्यात, पोहरादेवीला, २३ फेब्रुवारी २०२१ ला काय झालं तेही आठवा. दोनच दिवस आधी मुख्यमंत्र्यांनी राज्यातल्या राजकीय, धार्मिक, सामाजिक गर्दीवर बंदी सांगितली होती. अमरावती विभागात साथ पुन्हा उसळली होती. तरी राज्याचे तत्कालीन वनमंत्री आले आणि हजारोंची गर्दी जमली. गुन्हे नोंदवले गेले, त्यात बहुतेक 'अनोळखी'. त्याच आठवड्यात रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित निघाले. पंचवीस वऱ्हाड्यांचं लग्न सव्वीस झालं म्हणून ज्याच्या मांडवात पोलीस आले, त्याने ही दोन दृश्यं टीव्हीवर पाहिली. कायदा सगळ्यांना सारखा लागला नाही, की पुढच्या वेळी तो कोणीच मनापासून पाळत नाही. साथीत तर याची किंमत जिवाने मोजावी लागते.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर धंद्याच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या भागातला मोठा व्यवहार उन्हाळ्यातल्या लग्नसराईवर चालतो. मंगल कार्यालय, मंडप, आचारी, बँड, घोडा, कपड्याचं दुकान, सोनार. २०२० ची अक्षय तृतीया २६ एप्रिलला होती, म्हणजे ऐन बंदमध्ये. विसार फेब्रुवारीतच दिलेला. मुलीचा बाप म्हणे पैसे परत द्या, कार्यालयवाला म्हणे मी कुठे नाही म्हणालो, सरकारने बंद केलं. दोघंही आपापल्या जागी खरे, आणि दोघांनाही वाटे कायदा आपल्या बाजूने आहे.

याचं उत्तर भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये आहे. कलम ५६ म्हणतं, करार केल्यानंतर ते काम अशक्य किंवा बेकायदा झालं तर करार शून्य होतो. ठरल्या तारखेला लग्न लावणं तेव्हा बेकायदाच होतं. मग दोन्ही बाजू सुटल्या. पण कलम ६५ पुढचं सांगतं: करार शून्य झाल्यावर ज्याने त्यातून लाभ घेतला त्याने तो परत करावा. म्हणजे विसार परत. कार्यालयवाल्याने 'विसार परत मिळणार नाही' असं पावतीवर छापलं असलं, तरी ग्राहकाने मन बदललं ती गोष्ट वेगळी आणि सरकारने बंद केलं ती वेगळी. माझ्याकडे आलेल्या बहुतेक जणांना मी कोर्टात जाऊ नका असंच सांगितलं. तारीख पुढे ढकला, तोच विसार धरा, मात्र ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. ज्यांनी लिहून घेतलं त्यांची लग्नं पुढच्या हंगामात त्याच विसारावर झाली. ज्यांनी शब्दावर सोडलं ते अजून एकमेकांच्या पंगतीला जात नाहीत. आणि वाजंत्रीवाल्यांजवळ तर बहुधा पावतीही नव्हती, विसारही नाही, नुसता नारळ. त्यांचं दोन वर्षांचं पोट गेलं आणि त्यासाठी कुठल्याच कायद्यात कलम सापडलं नाही.

२०२१ चा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. २१ एप्रिल २०२१ च्या आदेशाने लग्नाला मुभा दिली, पण दोन तासांत आणि पंचवीस माणसांत, मोडल्यास पन्नास हजार दंड. आता लग्न अशक्य नव्हतं, फक्त पाचशे पानांचा स्वयंपाक सांगितलेल्या आचाऱ्याचं काम पंचवीस पानांवर आलं होतं. अशा ठिकाणी कलम ५६ सहज लागत नाही. काम अवघड झालं, तोट्याचं झालं, एवढ्याने करार सुटत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. एप्रिल २०२० मध्येच मुंबई उच्च न्यायालयापुढे पोलाद आयात करणारे व्यापारी गेले होते: लॉकडाउनमुळे माल खपणार नाही, विकणाऱ्याला बँकेतून पैसे देऊ नका. न्यायालयाने दिलासा नाकारला. बंद थोड्या काळाचा आहे, पोलादाच्या वाहतुकीला मुभा आहे, आणि तुमची अडचण हा समोरच्याचा दोष नाही, असा त्याचा आशय.

गाळ्याच्या भाड्याचंही तसंच. चौकातला केशकर्तनालयवाला मला विचारायचा, दुकान उघडलंच नाही तर भाडं कायचं? प्रश्न सरळ आहे, पण कायदा त्याच्या बाजूने नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे जागा आग, पूर, दंगल अशा कारणाने कायमची निकामी झाली तर भाडेकरूला करार सोडता येतो. बंद दुकान निकामी नसतं. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात हेच सांगितलं: भाडं माफ नाही, फार तर मुदत. आपल्या राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० ला घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, घर खाली करायला लावू नका, असं पत्र काढलं. लोकांनी ते भाडेमाफी म्हणून एकमेकांना फॉरवर्ड केलं. माफी नव्हती, घरभाड्यासाठीची सूचना होती, तीही पुढे ढकलण्यापुरती. आदेश कोणता आणि सूचना कोणती, हे न कळल्याने कितीतरी भाडेकरूंनी थकबाकी चढवून घेतली आणि शेवटी दुकानावरूनच उठले.

पुण्याकडच्या कंपन्यांतून परत आलेली पोरं वेगळ्याच फसवणुकीत सापडली. २९ मार्च २०२० ला केंद्राने आदेश काढला की बंदच्या काळाचा पगार मालकाने कपात न करता द्यावा. पोरांनी तो मोबाइलवर जपून ठेवला. १७ मे ला तो आदेश मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या पन्नासेक दिवसांच्या पगाराबद्दल मालक आणि कामगारांनी बोलून मार्ग काढावा, मालकांवर सक्तीची कारवाई नको. बोलणार कोण? ठेकेदारामार्फत लागलेल्या पोराजवळ नेमणूकपत्र नाही, पगारचिठ्ठी नाही, फाटक्या पाकिटात एक गेटपास. ज्यांच्या खात्यात पगार जमा व्हायचा, त्यांचं पासबुकच त्यांच्या कामी आलं. हातात रोख घेणाऱ्यांचं काही चाललं नाही.

कर्जाबाबत मी जरा रागाने बोलेन, ते समजून घ्या. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला तीन महिने आणि पुढे ३१ ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायला बँकांना परवानगी दिली. परवानगी, सक्ती नाही. मायक्रोफायनान्सच्या कंपन्यांनाही ती मुभा होती, पण गटातल्या बायांपर्यंत ती नीट पोहोचलीच नाही. वसुलीवाला ओट्यावर येऊन बसायचा आणि बाकीच्या बायांसमोर एकीचं नाव घ्यायचा. ज्या बायांनी हप्ते थांबवले त्यांचं व्याज चालूच राहिलं. व्याजावरचं व्याज कोणाकडूनच घेऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ ला सांगितलं, तोवर त्यांची खाती वाढलेल्या रकमेने फिरली होती. याच काळात कंपन्यांसाठी दिवाळखोरी संहितेत कलम १०-अ घालून २५ मार्च २०२० पासून वर्षभरातल्या थकबाकीला दिवाळखोरीच्या कारवाईपासून अभय दिलं गेलं. कंपनी वाचली तर कामगार वाचतो, हे मला मान्य आहे. मग बांगड्या विकणारी बाई वाचली तर घर वाचतं, हे मान्य करायला काय हरकत होती? तिला वर्षाचं अभय का नाही, याचं उत्तर मला कुठल्या निकालात मिळालं नाही.

आता ज्या विषयासाठी मी खरं तर इथवर आलो, तो.

२०२१ च्या एप्रिल-मे मध्ये आपल्या गावांतून माणसं वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात गेली, तिथून काही अकोल्याला. काही परत आली नाहीत. देह मिळाला नाही, तोंड दिसलं नाही. घरात सुतक चाललेलं असताना कोणाला कागद सुचतात? पण कायद्याचं घड्याळ थांबत नाही. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावी नाही. आसेगावचा माणूस अकोल्यात गेला तर नोंद अकोल्याच्या महापालिकेत. कितीतरी बाया ग्रामपंचायतीत दाखला मागत राहिल्या, ग्रामसेवक सांगत राहिला की आमच्या रजिस्टरात नाव नाही, आणि त्यांना वाटलं आपला माणूस सरकारदरबारी मेलाच नाही. एकीने मला विचारलं, "मंग मी विधवा हाओ का नाही, थे कोन ठरवनार?" तिच्या हातात दवाखान्याची कच्ची चिठ्ठी होती, घडी घालून घालून अक्षरं उडालेली. त्या चिठ्ठीवरच्या तारखेवरून आणि वॉर्डावरून आम्ही नोंद शोधली. नावात एक काना चुकलेला होता, आधारवर वेगळं, नोंदीत वेगळं. तो एक काना दुरुस्त करायला पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीच्या अर्जाइतकाच वेळ गेला.

त्या पन्नास हजारांचा इतिहासही नीट कळला पाहिजे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम १२ सांगतं की आपत्तीत जीव गेला तर सानुग्रह साहाय्याचे निकष राष्ट्रीय प्राधिकरणाने ठरवायचे. ज्या कायद्याने देश बंद केला, त्याच कायद्यात हे कलम होतं. बंद करणारी कलमं एका रात्रीत लागू झाली. देणारं कलम लागू व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा ३० जून २०२१ चा निकाल लागला, आणि ११ सप्टेंबर २०२१ ला रक्कम ठरली. पुढे न्यायालयाने हेही बजावलं की दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणाने अर्ज नाकारू नका. चाचणीनंतर तीस दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो कोविडचाच धरा. आणि वाद असेल तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीने निकाल द्यावा. खेड्यात चाचणीच न होता घरात गेलेली माणसं मात्र या चौकटीबाहेर राहिली, आणि ती बरीच होती.

बँकेच्या पासबुकात ३३० रुपयांची एक नोंद असते. जनधन खातं काढताना कोणीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते आणि दरवर्षी मे-जूनमध्ये खात्यातून तेवढे कापले जातात. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची रक्कम; २०२२ पासून ४३६ झाली. त्याबदली वारसाला दोन लाख. एका घरी मी पासबुक चाळलं तेव्हा ही नोंद ओळीने होती, आणि त्या माउलीला आपल्या नवऱ्याचा विमा आहे हे माहीतच नव्हतं. तिला मिळाले. जिने पासबुक कोणाला दाखवलंच नाही, तिला कोण सांगणार?

मग वावर. माणूस गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नोंद करायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे, मुली आणि मयताची आई, सारे पहिल्या वर्गाचे वारस, सारखे वाटेकरी. पण प्रत्यक्षात काय झालं? दीर म्हणाला, आत्ता घाई कायची, आधी वर्षश्राद्ध होऊ दे. वर्षश्राद्ध झालं, मग पेरणी, मग धाकट्याचं लग्न. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची मदत ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्यालाच, आणि तिथे नाव मेलेल्या माणसाचं. घरोघरचे दीर वाईट नसतात. पण नाव लागलेलं नसलं की बाई मागणारी होते आणि बाकीचे देणारे. कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने राज्यभर याच प्रश्नावर काम केलं. शेजारच्या बुलढाण्यात २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली आणि मग राज्यभर गेली, ती याच दुखण्यासाठी. आणि नॉमिनीचं नाव म्हणजे मालकी, हा समजही काढून टाका. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी रक्कम ताब्यात घेतो, ती वारसांसाठी. 'कालनिर्णय'कार साळगावकरांच्या कुटुंबातल्या वादात डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही हेच ठरवलं.

दवाखान्याच्या बिलांबाबत तर फार उशीर झाला. १ जून २०२१ ला राज्याने शहरांचे गट पाडून खाजगी रुग्णालयांचे दर बांधले. वाशिम, अकोला शेवटच्या गटात: साधा वॉर्ड रोज २४०० रुपये, आयसीयू ४५००, व्हेंटिलेटरसह ५४००. त्याआधी मे २०२० पासूनही ४०००, ७५०० आणि ९००० अशी कमाल मर्यादा होतीच. हे दर भिंतीवर लावायला हवे होते. माणूस आत गुदमरत असताना बाहेर पावती मागायची हिंमत कोणाला होते? वावर गहाण ठेवून रोख भरली, हातात आला तो कोऱ्या कागदावरचा आकडा. ग्राहक आयोगात दोन वर्षांत जाता येतं, पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, म्हणून २०२१ च्या बिलासाठी फेब्रुवारी २०२४ अखेरपर्यंत दार उघडं होतं. आज ते बंद झालं आहे. ते उघडं असताना ही गोष्ट सांगायला कोणी या गावात आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

बाविसाव्या विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात सांगितलं की १८९७ चा कायदा पुरेसा नाही, तो बदला किंवा नवा करा. तो होईल तेव्हा होईल. तोवर ग्रामपंचायतीला एक गोष्ट करता येते आणि ती करा अशी माझी हात जोडून विनंती आहे: पुढे कधीही कुठलाही बंद, मनाई, जमावबंदी आली की त्या आदेशाची प्रत, काय चालू राहील त्या यादीसकट, दर्शनी फलकावर लावा आणि दवंडीत वाचून दाखवा. प्रत मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज आहेच. आणि काटेरी फांद्या टाकून रस्ते अडवू नका. २०२० मध्ये आपणही ते केलं. कुठल्याच गावाला तो अधिकार नाही. बाधिताच्या घराला वाळीत टाकणं हा तर महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

ज्यांच्या स्मृतीत ही व्याख्यानमाला आहे ते गुरुजी हयात असताना लोक त्यांच्याकडे सरकारी टपाल वाचून घ्यायला यायचे, असं इथल्या मंडळींनी मला सांगितलं. उद्या सकाळी दहापासून मी ग्रामपंचायतीत बसणार आहे. वारसनोंदीला उशीर झाला तरी ती होते, म्हणून ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून गेलेल्या माणसाचं नाव आहे त्यांनी सातबारा, आठ-अ आणि मृत्यूचा दाखला आणावा. दाखला नसेल तर दवाखान्याचा मिळेल तो कागद आणा, नोंद कुठल्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत आहे ते शोधू. ज्यांना पन्नास हजार मिळाले नाहीत, त्यांची मुदत संपली आहे. पण अत्यंत अडचणीमुळे वेळेत अर्ज करता आला नसेल तर तक्रार समितीकडे जाण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२२ च्या आदेशात ठेवली होती. त्या वाटेने आज काय निघतं ते प्रत्येकाचे कागद पाहूनच सांगता येईल. पासबुकं आणा, जुनी असली तरी. वाचता येत नाही म्हणून कोणी मागे राहू नका, वाचायला मी आहे.